शिक्षण, समाजविकास आणि आपला सहभाग

(वर्षावासानिमित्त मेहकर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयात तीन शब्द आहेत. शिक्षण, विकास आणि सहभाग. पहिल्या दोन शब्दांवर आपण पुष्कळ ऐकतो. जयंतीच्या प्रत्येक भाषणात ते येतात. तिसरा शब्द मात्र सरकारी कागदावरून आपल्याकडे आला आहे असे पुष्कळांना वाटते. 'लोकसहभागातून' असे लिहिलेली पाटी गावोगावी दिसते. पाणलोटाच्या कामावर दिसते, शाळेच्या कुंपणावर दिसते. त्या पाटीमागे नेमका कोणाचा सहभाग असतो, आणि कशात असतो, हे आज थोडे तपासून पाहावे असा माझा विचार आहे.

आपल्या समाजाला 'गावासाठी काम करणे' काही नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्पिढ्या गावाचेच काम केले. सांगावा पोहोचविणे, सरकारी टपाल वाहणे, मेलेले जनावर ओढणे, वेळी-अवेळी हाक आली की हजर होणे. घरचा कर्ता माणूस नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. तो 'सहभाग' नव्हता, ती वेठ होती. का ? श्रम आपले होते, परंतु काय करायचे, केव्हा करायचे, त्याचा मोबदला किती, हे ठरविणारे दुसरे होते. बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले, ते याच गुलामीच्या विरोधात. म्हणून सहभागाची माझी कसोटी साधी आहे. श्रम कोणाचे, निर्णय कोणाचा आणि हिशेब कोणापुढे ? या तिन्ही ठिकाणी आपण असू तर तो सहभाग. नुसत्या श्रमात आणि वर्गणीत असू, तर नाव नवे आणि वेठ जुनीच.

धम्माचा आधार

ही कसोटी मी बाहेरून आणलेली नाही. महापरिनिब्बान सुत्तात प्रसंग आहे. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर स्वारी करण्याच्या विचारात होता. त्याने आपला मंत्री वस्सकार याला तथागतांकडे पाठविले. तथागतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. आनंदाला प्रश्न विचारले. वज्जी लोक वारंवार सभा भरवतात काय ? एकोप्याने जमून एकोप्याने कामे पार पाडतात काय ? वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय ? स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत ना ? असे सात प्रश्न आहेत. जोवर हे चालू आहे तोवर वज्जींची भरभराटच होईल, हानी होणार नाही, असा त्याचा सारांश. त्यांचे सैन्य किती, खजिना किती, हे तथागतांनी विचारले नाही. सभा नियमित भरते की नाही, हे मात्र सर्वांत आधी विचारले.

भिक्खुसंघाचे कामकाजही असेच चाले. संघापुढे रीतसर ठराव मांडला जाई. महत्त्वाच्या बाबतीत तो तीन वेळा पुकारला जाई. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मते घेतली जात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी या भिक्खुसंघांची आठवण करून दिली होती. ठराव, गणपूर्ती, मतदान हे संसदीय नियम या देशाला परके नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. विहारात बसून आपण ग्रामसभेची, शाळेच्या समितीची चर्चा करतो ती म्हणूनच धम्माबाहेरची चर्चा नव्हे.

बाबासाहेबांच्या संस्था

बाबासाहेब उच्च शिक्षण घेऊन परदेशातून परत आले आणि जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेचे उद्देश पाहा. वसतिगृहे काढणे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालविणे, शेती व उद्योगाचे शिक्षण देऊन आर्थिक स्थिती सुधारणे. १९२५ च्या आरंभीच सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणातील पहिली अडचण पुस्तकाची नाही, राहण्या-जेवण्याची आहे, हे त्यांनी ओळखले होते. आजही तालुक्यातील मुलगी बारावीनंतर शिकेल की नाही, हे पुष्कळदा शिकण्याच्या जागेपेक्षा राहण्याच्या जागेवर ठरते.

पुढे ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. नावे पाहा. एक तथागतांचे, दुसरे नागसेन स्थविरांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला देणे यात फार मोठा विचार आहे. आपल्या भागातून सर्वांत जवळचे असे हे ठिकाण. नागसेनवनात शिकून आलेल्या पिढीने मराठवाड्यात आणि वऱ्हाडात काय घडविले, ते येथे बसलेल्या ज्येष्ठांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

स्त्रियांचा प्रश्नही येथेच येतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. मोजमाप त्यांनी तेव्हाच देऊन ठेवले आहे. आपल्या कार्यकारिणीत किती बहिणी आहेत, आणि असल्या तर सभेत त्या बोलतात की फक्त सही करतात, हे त्या मापाने मोजून पाहावे.

गावाने उभी केलेली शाळा

महाराष्ट्रात दुसरे मोठे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ साली साताऱ्याला जे वसतिगृह निघाले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतः कामे करीत. पैशाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढे खेड्यापाड्यांत त्यांनी शेकडो स्वयंसेवी शाळा काढल्या. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र. ज्या गावाने शाळेसाठी स्वतः काही दिले, ते गाव त्या शाळेकडे परकी वस्तू म्हणून पाहत नाही. मास्तर आले की नाही, याची चौकशी करते.

श्रीलंका आणि मेंढा-लेखा

आता बौद्ध देशातील एक उदाहरण सांगतो. श्रीलंकेत कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयात ए. टी. अरियरत्ने नावाचे एक तरुण शिक्षक होते. १९५८ साली ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुव या खेड्यात गेले. ते खेडे रोडिया जातीचे. तेथील समाजाने अस्पृश्य मानलेली ही जात. बौद्ध देशातही हा कलंक होता, हे आपण लपवू नये. शहरातली मुले तेथे राहिली, त्यांच्याबरोबर जेवली, विहिरीचे, संडासाचे, रस्त्याचे काम त्यांच्याबरोबर केले. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली आणि पुढे हजारो गावांत पोहोचली. १९६९ साली अरियरत्ने यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ साली ते निवर्तले.

या चळवळीतील एक पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. श्रमदानाच्या वेळी सारे गाव कुटुंबासारखे एकत्र बसते. लहान-मोठे, स्त्री-पुरुष, पाहुणे-गावकरी सगळे बोलतात. काम काय, आधी कोणते, कोणी काय आणायचे, हे तेथे ठरते. दान, प्रिय वचन, अर्थचर्या आणि समानता ही बुद्धांनी सांगितलेली चार संग्रहवस्तू त्या चळवळीने रोजच्या कामात आणली. दान पहिले आहे, पण चौथी समानता आहे. तिच्याशिवाय पहिल्या तिन्हींना अर्थ राहत नाही.

आता आपल्याच विदर्भातील उदाहरण. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. देवाजी तोफा हे तेथील कार्यकर्ते, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहकारी. ते २०२५ साली निवर्तले. तेथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, ग्रामसभेच्या जोडीला तेथे अभ्यासगट आहे. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नसतो. तेथे फक्त समजून घ्यायचे असते. हा कायदा काय म्हणतो, हा कागद कोणता, आपला हक्क कोठे लिहिला आहे, हे बोलावलेल्या जाणकाराबरोबर बसून वाचायचे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होते. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हे शिक्षण कोणत्याही परीक्षेत मोजले जात नाही, परंतु त्यावर गावाचे पोट चालते.

आपल्याकडे काय आहे

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे जंगल होते, आपल्याकडे काय आहे ? आपल्याकडे कायदे आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे महाराष्ट्राचा कायदा सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची आहे. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, गावाने आपला विकास आराखडा स्वतः तयार करावयाचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा या समितीने करावयाचा, अनुदानाच्या खर्चावर तिने लक्ष ठेवावयाचे.

प्रत्यक्षात काय होते ? रजिस्टर घरोघरी फिरते आणि सह्या होतात. आपल्या वस्तीतील एखाद्या माउलीचे नाव समितीत असते, आणि ते तिला ठाऊकही नसते. ती मजुरीला गेलेली असते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला जातात. मुलांचा पट कमी होतो. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचा विचार शासनाने मांडला, तेव्हा आपण निषेधाची निवेदने दिली. निषेध योग्यच होता. पण ज्या समितीच्या बैठकीत आपण कधी गेलो नाही, त्या शाळेचा पट का कमी झाला, हे सांगण्याची माहिती आपल्याजवळ नव्हती. माहिती नसलेला निषेध दोन दिवसांत विरतो.

शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. मी बँकेत कारकून आहे, त्यामुळे हे रोज समोर दिसते. मुलगा महाडीबीटीवर अर्ज भरतो. महाविद्यालयाकडून, समाजकल्याण खात्याकडून अर्ज मंजूर होतो. आणि पैसे जमा होत नाहीत. कारण फार लहान असते. खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा दोन बँकांत खाती असतात आणि ज्या खात्याशी आधार शेवटी जोडला त्यात रक्कम गेलेली असते. मुलगा दुसऱ्याच खात्याचे पासबुक घेऊन उभा असतो. दोन वर्षे खात्यात व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो. जात पडताळणीचा अर्ज शेवटच्या महिन्यात केलेला असतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ती कित्येक पात्र मुलांना माहीतच नसते. बाबासाहेबांनी झगडून मिळविलेली शिष्यवृत्ती अशा एका कागदापायी अडते, आणि मुलगा शिक्षण सोडून कंपनीत कामाला लागतो. घरी सांगतो, 'पैसे आलेच नाहीत.'

याच बँकेत दुसरे चित्रही दिसते. आपल्या वस्त्यांतील बायकांचे बचत गट येतात. १९९२ साली नाबार्डने ५०० गटांपासून गट-बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला. या गटांची पंचसूत्री आहे : नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. या बायकांपैकी पुष्कळजणी चौथी-पाचवीच्या पुढे शिकलेल्या नाहीत. परंतु महिन्याच्या बैठकीत पैसे सर्वांसमोर मोजले जातात, कोणाकडे किती थकले ते सर्वांसमोर वाचले जाते. गटाला कर्ज देताना बँक तारणासाठी शेत मागत नाही, बैठकीचे रजिस्टर पाहते. वज्जींचा पहिला नियम आपल्या आयाबहिणी पाळीत आहेत. पदवीधरांच्या संस्थांनी तो त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. आपण वर्गणी काढून अभ्यासिका चालविली तर सरकार हात झटकून मोकळे होईल. हा आक्षेप खोटा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की, महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. तो पैसा आपला आहे आणि तो आपण मागितलाच पाहिजे. परंतु बाबासाहेबांनी दोन्ही केले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सरकारकडून शिष्यवृत्त्या मिळविल्या, आणि त्याच काळात स्वतःची शिक्षणसंस्थाही उभी केली. जो समाज आपली दहा मुलांची अभ्यासिका नीट चालवू शकतो, त्यालाच शाळेच्या समितीत जाऊन प्रश्न विचारण्याचे बळ येते. सहभाग हा हक्काला पर्याय नाही, हक्क वसूल करण्याची ती सवय आहे.

दुसरा आक्षेप नोकरदारांविषयी. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपल्याला धोका दिला अशी खंत बाबासाहेबांनी व्यक्त केली. हे वाक्य आपण दरवर्षी एकमेकांना ऐकवितो. टाळ्या पडतात आणि मंडळी घरी जातात. मला वाटते, नोकरदाराला केवळ दोष देऊन तो वस्तीत परत येणार नाही. त्याला नेमके काम द्यावे लागेल. 'समाजाचे ऋण फेडा' हे काम होत नाही. 'दर रविवारी १० ते १२ तुम्ही दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे' हे काम होते.

काही सूचना

म्हणून संस्थेपुढे पाच सूचना विचारार्थ ठेवतो.

पहिली. वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. ते संपल्यावर विहाराला कुलूप लावू नये. तीच जागा, तीच सतरंजी आणि तोच दिवा वापरून वर्षभर सायंकाळची अभ्यासिका चालवावी. ज्या घरी एकच खोली आहे आणि टीव्ही चालू आहे, त्या घरच्या मुलाला शांत जागा हीच मोठी मदत आहे.

दुसरी. मेंढा-लेख्याप्रमाणे महिन्यातून एकदा अभ्यासगट बसवावा. एका वेळी एकच विषय. एका महिन्यात शाळा व्यवस्थापन समिती, पुढच्या महिन्यात १५ टक्के निधी, त्यानंतर शिष्यवृत्ती. भाषण नको, मूळ कागद वाचावा.

तिसरी. तालुक्यातील ज्या गावांत आपले सभासद राहतात, तेथील शाळा समितीत आपल्या समाजाचे कोण आहेत याची यादी करावी. त्या पालकांना, विशेषतः मातांना, बैठकीपूर्वी विषय समजावून सांगावेत. ज्या दिवशी त्यांची मजुरी बुडते त्या दिवशी बैठक ठेवू नये, असा आग्रह धरावा.

चौथी. दरवर्षी जून-जुलैमध्ये शिष्यवृत्ती मदत केंद्र चालवावे. बँकेचे, तहसीलचे, शाळा-महाविद्यालयाचे काम जाणणारे सभासद आपल्यात आहेत. मुलांची खाती, आधार जोडणी आणि दाखले त्यांनी अर्जापूर्वी तपासून द्यावेत. या कामाला पैसा लागत नाही.

पाचवी आणि मला सर्वांत निकडीची वाटणारी. संस्थेचा जमाखर्च दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर लिहावा. जयंतीची वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेली, मुलांच्या पुस्तकांना किती. आणि पुढच्या वर्षी कशावर किती खर्च करायचा, हे सर्वसाधारण सभेत, बहिणी आणि विद्यार्थी बसलेले असताना ठरवावे. मिरवणूक नको असे मी म्हणत नाही. मिरवणुकीने माणसे एकत्र येतात, आणि एकत्र येणे ही लहान गोष्ट नाही. फक्त कशाला किती, हे चार पदाधिकाऱ्यांऐवजी सर्वांनी ठरवावे. संस्थेतच हिशेब विचारण्याची सवय लागली, तर ग्रामपंचायतीत विचारताना जीभ अडखळणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुम्ही उद्या पुण्याला जाल, बंगलोरला जाल, कदाचित परदेशातही जाल. अवश्य जा. बाबासाहेबही न्यूयॉर्क-लंडनला गेले होते. पण जाण्यापूर्वी या अभ्यासिकेचे रजिस्टर एक वर्ष तुमच्या हाताने लिहा. कोण आले, कोण आले नाही, न येणारा का आला नाही, हे लिहा. त्याच्या घरी जाऊन विचारा. समाजशास्त्राचे कोणतेही पुस्तक तुम्हाला इतके शिकवणार नाही, आणि त्या न आलेल्या मुलाचे वर्ष वाचले तर तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग झाला असे समजा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे सूत्र आपल्या सर्वांच्या ओठावर आहे. त्यातील मधला शब्द वर्षातून एका दिवसाचा नाही. तो दर आठवड्याच्या बैठकीचा, सहीच्या आधी वाचण्याचा आणि फळ्यावरच्या हिशेबाचा आहे. आपल्या संस्थेने या वर्षी निदान अभ्यासिका आणि फळा एवढ्या दोन गोष्टी सुरू कराव्यात, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलम् ! नमो बुद्धाय ! जयभीम !